गोव्यात एचआरमध्ये येण्यासाठी: कोणती पात्रता, कोणत्या क्रमाने

गेली एकवीस वर्षे मी गोव्यातील कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काम करीत आहे आणि त्यातला बराचसा काळ वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेला आहे. पदवीचे निकाल लागले की ओळखीच्या घरांतून फोन येऊ लागतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो: मुलीला किंवा मुलाला एचआरमध्ये जायचे आहे, कोणता कोर्स घ्यावा? एका कोर्सचे नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण पात्रता मिळवण्याचा क्रम चुकला तर चांगला कोर्सही वाया जातो. मुलाखतीला येणाऱ्या अनेकांच्या फाइलमध्ये तीन-चार ऑनलाइन प्रमाणपत्रे असतात, त्यांवर घरच्यांचे बरेच पैसे खर्च झालेले असतात, परंतु भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी कोणत्या तारखेपर्यंत भरावी लागते, हे उमेदवाराला सांगता येत नाही. ती पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते, आणि विभागात रुजू झालेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात या माहितीची गरज पडते. आधी काम समजून घ्यावे, मग मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, त्याच्या जोडीने कामगार कायदा पक्का करावा आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा विचार सर्वांत शेवटी करावा, हा क्रम मी सर्वांना सांगतो. तो पुढे सविस्तर मांडत आहे.

पहिली पायरी: काम कोणते, हे आधी पाहा

आपल्याकडे एचआर या एका नावाखाली दोन वेगळ्या परंपरा एकत्र आल्या आहेत. पहिली कामगार कल्याणाची. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि त्यातून पर्सोनेल ऑफिसर (कर्मचारी अधिकारी) हे पद रुळले. दुसरी परंपरा मनुष्यबळ विकासाची. १९७० च्या दशकाच्या मध्यास उदय पारीक आणि टी. व्ही. राव या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी लार्सन अँड टुब्रो कंपनीसाठी मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र रचना आखून दिली आणि प्रशिक्षण, कामगिरीचे मूल्यमापन, कर्मचाऱ्याची वाढ हे विषय कंपन्यांमध्ये पुढे आले. अभ्यासक्रमही याच दोन कुळांतून आले आहेत: एकीकडे श्रमविज्ञान, कामगार कल्याण आणि समाजकार्य, दुसरीकडे एचआर विशेषीकरण असलेले एमबीए. आपल्याला कोणत्या बाजूचे काम जमेल, हे माहीत नसताना प्रवेश घेणारा विद्यार्थी पुढे दोन वर्षे अंदाजाने चालतो.

गोव्यात ही निवड जवळून पाहता येते. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवी, बेतोडा, कुंकळ्ळी या वसाहतींतील कारखान्यांत प्लँट एचआरचे काम असते. त्यात हजेरीपट, शिफ्ट आणि ओव्हरटाइम, कंत्राटी कामगारांच्या नोंदी, कॅन्टीन, बससेवा, शिस्तभंगाची चौकशी, युनियनचे मागणीपत्र आणि त्यानंतर महिनोन्महिने चालणारी वेतनकराराची बोलणी येतात. हॉटेलांतील काम वेगळ्या तालावर चालते. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम, त्याआधी पावसाळ्यात भरती आणि प्रशिक्षण, बाहेरून आलेल्या मुलामुलींच्या राहण्याची सोय, आणि मे-जूनमध्ये नोकरी सोडणाऱ्यांचे हिशेब. कारखान्यात चवथीच्या आठवड्यात अर्धी लाइन रजेचा अर्ज घेऊन दारात उभी असते; हॉटेलात नाताळ ते नववर्ष या दिवसांत रजा देणे जवळजवळ अशक्य असते आणि नेमके त्याच दिवसांत आपल्या कॅथलिक सहकाऱ्यांना घरी असायला हवे असते. या दोन्ही ठिकाणी मार्ग काढणे हे एचआरचेच काम आहे. तिसरा प्रकार कार्यालयीन कंपन्यांचा, जिथे भरती, मुलाखती, संगणकीय प्रणाली आणि मूल्यमापन यांवर भर असतो.

कोणत्याही संस्थेचा फॉर्म भरण्याआधी यांपैकी किमान दोन ठिकाणी काम करणाऱ्या माणसांना प्रत्यक्ष भेटावे आणि गेल्या आठवड्यात त्यांनी काय काय केले, हे दिवसवार विचारावे. “मला माणसांशी बोलायला आवडते” हे कारण पुरेसे नाही, कारण या कामातील निम्मा वेळ कागद आणि आकड्यांत जातो आणि उरलेल्यातला बराच वेळ नको असलेल्या गोष्टी समोरच्याला नीट समजावून सांगण्यात जातो.

दुसरी पायरी: पदवी

पदवीच्या शाखेची फार चिंता करू नये. वाणिज्य, व्यवसाय प्रशासन, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी कोणतीही पदवी चालते आणि विज्ञान किंवा अभियांत्रिकीची मुलेही या क्षेत्रात उत्तम काम करताना मी पाहिली आहेत. वाणिज्य शाखेच्या मुलांना पगारपत्रक लवकर समजते, मानसशास्त्राच्या मुलांना मुलाखत घेणे लवकर जमते, आणि दोघेही वर्षभरात एकमेकांचे शिकून घेतात. पदवीच्या तीन-चार वर्षांत एक्सेलवर हात बसवणे आणि इंग्रजीत स्वच्छ पत्र लिहिता येणे, एवढे मात्र करून ठेवावे.

तिसरी पायरी: पदव्युत्तर शिक्षण आणि त्याची मान्यता

सर्वाधिक विचार या टप्प्यावर करावा लागतो, कारण वेळ आणि पैसा दोन्ही येथेच लागतात. सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमांच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या जाहिराती नीट वाचल्या तर एक अट पुन्हा पुन्हा दिसते: मनुष्यबळ व्यवस्थापन, औद्योगिक संबंध, पर्सोनेल मॅनेजमेंट, कामगार कल्याण किंवा समाजकार्य यांपैकी एका विषयातील दोन वर्षांची पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी किंवा पदविका. या वाक्यातील ‘दोन वर्षांची’ आणि ‘पूर्णवेळ’ हे दोन्ही शब्द निर्णायक आहेत. एक वर्षाचा किंवा पत्राद्वारे केलेला अभ्यासक्रम ज्ञानाच्या दृष्टीने चांगला असला तरी अशा जाहिरातीत अर्ज छाननीतच बाद होतो.

गोव्यातच राहून शिकायचे असेल तर ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठाचे गोवा बिझनेस स्कूल हा पहिला पर्याय पाहावा. विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले आहे आणि तेथील शुल्क खासगी व्यवस्थापन संस्थांच्या तुलनेत सामान्य घराला झेपण्यासारखे असते. १९९३ साली स्थापन झालेली आणि आता साखळीजवळ असलेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट ही देशभरातून विद्यार्थी येणारी संस्था आहे. तेथे मिळते ती व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका, आणि एचआरकडे वळू इच्छिणाऱ्याने तिथले विषय कोणते घेता येतात, हे प्रवेशाआधी तपासावे. गोव्याबाहेर जाण्याची तयारी असेल तर या विषयात दोन नावे सर्वांत आधी घेतली जातात. १९३६ साली स्थापन झालेली मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही पहिली आणि १९४९ पासूनची जमशेदपूरची एक्सएलआरआय ही दुसरी. एक्सएलआरआयसाठी जानेवारीत होणारी एक्सएटी परीक्षा द्यावी लागते, तर अनेक व्यवस्थापन संस्थांचे प्रवेश नोव्हेंबरच्या अखेरीस होणाऱ्या कॅट या प्रवेश परीक्षेवर होतात. या परीक्षांच्या तयारीला पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच लागावे, कारण निकाल लागल्यावर जागे झालेल्या विद्यार्थ्याचे एक वर्ष हमखास जाते.

प्लँट एचआरकडे ओढा असलेल्यांनी परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेचा विचार अवश्य करावा. ज्या लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, त्यांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेत मुंबई विद्यापीठाचा श्रमविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. कारखान्यात या अभ्यासक्रमाचे महत्त्व एमबीएपेक्षा कमी नाही, आणि युनियनसमोर बसण्याची वेळ येते तेव्हा तर ते अधिकच जाणवते, हे माझे अनुभवाचे मत आहे.

नोकरी करीत शिकावे लागणाऱ्यांसाठी इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. पर्वरीला तिचे प्रादेशिक केंद्र आहे आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका तसेच एमबीए हे दोन्ही तेथून करता येतात. ज्याच्या हाती आधीच दोन-तीन वर्षांचा अनुभव आहे आणि खासगी क्षेत्रातच राहायचे आहे, त्याला हा मार्ग पूर्णपणे उपयोगी पडतो. अनुभव नसलेल्याने मात्र शक्य असल्यास पूर्णवेळ शिक्षणच घ्यावे.

मान्यता तपासल्याशिवाय पैसे भरू नयेत. विद्यापीठाची पदवी असेल तर ते विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत असावे. स्वायत्त संस्थेची पदविका असेल तर तिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असावी. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर आयोगाच्या दूरशिक्षण विभागाने त्या विशिष्ट वर्षासाठी, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला परवानगी दिलेली असावी. शेवटची बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे निवड झालेल्या एका मुलीच्या पदविकेची कागदपत्रे पडताळताना असे आढळले की ती संस्था फक्त भाड्याच्या दोन खोल्यांत चालणारे अभ्यासकेंद्र होती आणि ज्या विद्यापीठाचे नाव प्रमाणपत्रावर छापले होते, त्याला त्या वर्षी परवानगीच नव्हती. मुलगी हुशार होती आणि दोन वर्षे प्रामाणिकपणे शिकली होती, परंतु त्या पदविकेच्या आधारावर तिला अधिकारीपद देता आले नाही. मान्यतेची यादी संकेतस्थळावर उघडून त्या पानाची प्रत काढून ठेवायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

या विषयात नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षाही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत श्रम कल्याण, पर्सोनेल मॅनेजमेंट, औद्योगिक संबंध आणि मनुष्यबळ व्यवस्थापन हे सर्व मिळून ५५ क्रमांकाचा एकच विषय आहे. अध्यापनासाठी ती उपयोगी पडतेच, शिवाय सार्वजनिक क्षेत्रातील काही कंपन्यांनी एचआर अधिकाऱ्यांची निवड तिच्या गुणांवर केलेली आहे. पदव्युत्तर अभ्यास ताजा असतानाच ती देऊन टाकावी.

चौथी पायरी: कामगार कायदा

गोव्यातल्या उमेदवारांमध्ये मला सर्वांत मोठी उणीव दिसते ती येथे. एमबीएच्या अभ्यासक्रमात कामगार कायद्याचा एखादा पेपर असतो, तो पाठांतरावर सुटतो आणि विसरलाही जातो. प्रत्यक्षात काय घडते, याचे एक उदाहरण देतो. आमच्या पॅकिंग विभागातील एक कामगार १० वर्षे ७ महिने नोकरी करून निवृत्त झाला. त्याचे शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये होते. उपदान (ग्रॅच्युइटी), म्हणजे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, काढण्यासाठी नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याने ते ३० ने भागले, १५ दिवसांचे १०,४०० रुपये काढले, पूर्ण झालेली १० वर्षे धरली आणि १,०४,००० रुपयांचा धनादेश तयार केला. दुसऱ्या दिवशी तो कामगार मुलीच्या शाळेची चौकोनी रेघांची वही घेऊन माझ्यासमोर बसला. मुलीने पेन्सिलीने मांडलेला हिशेब बरोबर होता. उपदान काढताना महिन्याचे वेतन २६ ने भागतात, म्हणजे दिवसाचे ८०० आणि १५ दिवसांचे १२,००० रुपये. आणि सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ११ वर्षे. त्याचे येणे १,३२,००० रुपये होते. आमच्या विभागाने त्याला २८,००० रुपये कमी काढले होते. मी त्या अधिकाऱ्याला खोलीत बोलावले आणि त्याच्यासमोर कामगाराची माफी मागितली, कारण कागदावर सही माझी होती. एचआरमधल्या माणसाच्या अर्धवट ज्ञानाची किंमत नेहमी दुसरेच कोणीतरी मोजते, आणि म्हणून या पायरीवर मी इतका अडून बसतो.

अभ्यासाची दिशा आता बदलली आहे. जुने २९ केंद्रीय कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत: २०१९ ची वेतन संहिता आणि २०२० च्या औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा तसेच व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती या तीन संहिता. त्यातील काही तरतुदी एचआरच्या रोजच्या कामाला थेट भिडतात. मूळ वेतन, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता (काम बंद असलेल्या काळात कामगाराला राखून ठेवण्यासाठी दिलेला) वगळता इतर भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, त्यामुळे पगाराची रचना नव्याने आखावी लागते. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावे लागते. नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे लागते. ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतरही उपदान मिळते, आणि हंगामावर चालणाऱ्या आपल्या हॉटेलांच्या दृष्टीने ही तरतूद मोठी आहे. स्थायी आदेश, म्हणजे सेवाशर्तींचे लेखी नियम, लागू होण्याची मर्यादा ३०० कामगारांवर गेली आहे, तर कल्याण अधिकाऱ्याची ५०० वरून २५० वर आली आहे, म्हणजे या पदासाठी पात्र माणसांची गरज वाढणार आहे.

जुने कायदे मात्र अभ्यासातून पुसून टाकू नयेत. आधी उद्भवलेले वाद त्यांच्याच चौकटीत चालतात, न्यायालयांचे निकाल त्यांच्यावरचे आहेत आणि मुलाखत घेणारी आमची पिढी प्रश्न विचारताना अजून जुनीच नावे घेते. यांखेरीज तीन विषय वेगळे वाचावेत: लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा, ज्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, आणि दुकाने व आस्थापनांसाठी आपल्या राज्यात लागू असलेला १९७३ चा कायदा.

हा अभ्यास कुठे करावा? पदवीनंतरची तीन वर्षांची एलएलबी मिरामारच्या साळगावकर विधी महाविद्यालयात किंवा मडगावच्या कारे विधी महाविद्यालयात करता येते, आणि औद्योगिक संबंधांत वरच्या पदापर्यंत जाऊ इच्छिणाऱ्यासाठी एमबीए आणि एलएलबी यांच्यासारखी जोडी नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कामगार कायदे व कामगार कल्याण या विषयातील पदविका हा कमी वेळाचा पर्याय आहे. तेही शक्य नसेल तर मूळ संहिता सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. रोज दोन कलमे वाचावीत आणि प्रत्येक कलमाखाली आपल्या शब्दांत एक उदाहरण लिहावे. पणजीत पाटो येथे श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. तेथे समेटाची बोलणी चालतात, आणि एखाद्या वरिष्ठाबरोबर एकदा तेथे बसण्याची संधी मिळाली तर पुस्तकातील अनेक गोष्टी आपोआप उलगडतात.

पाचवी पायरी: शिकतानाच कामावर

पदव्युत्तर अभ्यासक्रमातील दोन महिन्यांची इंटर्नशिप केवळ अहवालापुरती करू नये. शक्य असल्यास टाइम ऑफिसमध्ये बसण्याची परवानगी मागावी, कारण हजेरी, ओव्हरटाइम आणि रजा यांची नोंद जिथे होते तिथूनच पगाराचे सर्व वाद सुरू होतात. एका महिन्याचे पगारपत्रक हाताने तयार करून संगणकाशी ताळा करून पाहावा. पदवी झालेल्यांसाठी राष्ट्रीय प्रशिक्षणार्थी योजनेतून एक वर्षाची विद्यावेतनासह उमेदवारी मिळू शकते. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यामुळे वसाहतीतील कंपन्यांकडे थेट विचारणा करण्यात संकोच बाळगू नये.

भाषेचीही तयारी याच काळात करावी. नियम इंग्रजीत लिहिलेले असतात, पण कारखान्यात बोलणे कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड अशा चार भाषांत चालते. चौकशीची नोटीस कामगाराला समजली नाही, तर ती चौकशी पुढे टिकत नाही. मराठीत आणि कोकणीत स्वच्छ नोटीस लिहू शकणारा उमेदवार आमच्याकडे दुर्मीळ आहे आणि म्हणून तो लगेच नजरेत भरतो.

सहावी पायरी: व्यावसायिक संस्था आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे

कोलकात्यात मुख्यालय असलेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट १९८० साली दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिली, तर नॅशनल एचआरडी नेटवर्क १९८५ चे आहे. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत यांपैकी एका संस्थेचे सदस्यत्व घ्यावे आणि सभांना जावे. नवीन नियमांचा अर्थ इतर कंपन्या कसा लावत आहेत, हे तेथे कळते.

अमेरिकेच्या सोसायटी फॉर ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंटची एसएचआरएम-सीपी आणि वरिष्ठांसाठीची एसएचआरएम-एससीपी, तसेच एचआरसीआय या संस्थेची एपीएचआर आणि पीएचआरआय ही प्रमाणपत्रे सर्वपरिचित आहेत. एसएचआरएमची प्रमाणपत्रे एकदा मिळवून संपत नाहीत. दर तीन वर्षांनी ६० श्रेयांक दाखवून किंवा परीक्षा पुन्हा देऊन ती चालू ठेवावी लागतात, आणि हा खर्च आधीच लक्षात घ्यावा. ब्रिटनची सीआयपीडी ही मनुष्यबळ व्यावसायिकांची १९१३ पासूनची संस्था असून तिच्या पात्रता ३, ५ आणि ७ अशा तीन स्तरांवर आहेत. गोव्यातून आखाती देशांत किंवा ब्रिटनला जाण्याचा बेत असणाऱ्यांना सीआयपीडीचा खरा उपयोग होतो. वेर्ण्यात किंवा कळंगुटला राहूनच काम करायचे असेल, तर किमान तीन वर्षांचा अनुभव मिळेपर्यंत या पैशांना हात लावू नये, आणि तेव्हाही फी कंपनी भरेल का, हे आधी विचारावे.

मुलाखतीला जाताना

मूळ गुणपत्रिका, मान्यतेच्या यादीची प्रत आणि इंटर्नशिपचे पत्र यांबरोबर स्वतः केलेल्या कामाचे तीन कागद फाइलमध्ये ठेवावेत: नावे झाकलेले एक हाताने केलेले पगारपत्रक, स्वतः लिहिलेली एक कारणे दाखवा नोटीस आणि एका उपदानाचा पायरीपायरीने मांडलेला हिशेब. मी मुलाखत घेतो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांनंतर उमेदवारासमोर कोरा कागद आणि पेन ठेवतो व एखाद्या कामगाराचा अंतिम हिशेब काढायला सांगतो. उत्तर चुकले तरी चालते, परंतु वेतन म्हणून कोणती रक्कम धरायची, हे त्याने आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी मला विचारले, तर उरलेली मुलाखत मी घाई न करता घेतो.